दॅन मास्तर

भुतेकर सर मार्चमध्ये गेले. तेरावा झाल्यावर परतूरच्या आमच्या शाळेत शोकसभा ठेवली. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या, टेबलावर फोटो, फोटोला झेंडूचा हार. जुने विद्यार्थी बरेच आले होते. पहिला बोलायला उठला नामदेव. त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे तो डावा पाय ओढत चालतो. माईकपाशी पोचायला त्याला वेळ लागला.

"आठवीत सरांनी मला फळ्यापासून दारापर्यंत चालायला लावलं," नामदेव म्हणाला. "माझ्यासंगं अजून दोघं. मंग वर्गाला इचारलं, हू इज द स्लोएस्ट? सगळा वर्ग माझं नाव घेऊन ओरडला. मंग सरांनी मलाच म्हणायला लावलं, आय अ‍ॅम द स्लोएस्ट बॉय इन द क्लास. वीस वर्षं होऊन गेली, पण सुपरलेटिव्हच्या आधी 'द' लागतो हे मी आजपर्यंत विसरलो न्हाई. असे मास्तर आता व्हायचे न्हाईत."

लोक हसले. काहींनी हसता हसता डोळे पुसले. नामदेवही हसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर कुठे काही सापडतं का ते शोधत होते. सापडलं नाही. मग माझं नाव पुकारलं. मी उठून 'शिस्तप्रिय', 'निःपक्षपाती', 'पिढ्या घडवणारे' असे तीन-चार शब्द वापरले, फोटोला नमस्कार केला आणि बसले. घरी आल्यावर मला स्वतःची शिसारी आली. जे तिथे बोलायला हवं होतं ते इथे लिहिते आहे.

मी एक्याऐंशी साली अंबडहून परतूरला हिंदी शिकवायला आले. तेव्हा भुतेकर सरांना शाळेत दहा-बारा वर्षं झाली होती. उंच, सडपातळ, रोज दाढी केलेली, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात खडूचे दोन तुकडे. पहिल्या दिवशी टीचर्स रूममध्ये कुणीतरी चहा दिला आणि मी आपलं औपचारिकपणे म्हणाले, "चहा छान आहे."

कोपऱ्यातून आवाज आला, "कशापेक्षा?"

मला वाटलं, चेष्टा आहे. पण सर गंभीरपणे माझ्याकडे बघत होते. उत्तर हवं होतं त्यांना.

"अंबडच्या चहापेक्षा," मी म्हटलं.

"मंग असं म्हणा. नुसतं छान म्हणलं तर काहीच कळत न्हाई."

हा त्यांचा रोजचाच प्रकार होता. कुणी म्हणालं की यंदा ऊन फार आहे, की "कशापेक्षा?" आलंच. कुणाच्या मुलाला चांगले मार्क पडले, कुणाची तब्येत सुधारली, एसटी वेळेवर आली. कशालाही हाच प्रश्न. इंग्रजीतल्या 'पेक्षा'वरून मुलांनी त्यांचं नाव 'दॅन मास्तर' ठेवलं होतं आणि ते सरांना माहीत होतं. त्यांना राग नावाचा नव्हता, उच्चाराचा होता. पोरं 'थॅन मास्तर' म्हणायची. "चिडवायचं तर बराबर चिडवा," असं त्यांनी एकदा भर वर्गात सांगितलं होतं.

माझे वडील गेले तेव्हा मी पंधरा दिवसांनी शाळेत रुजू झाले. सगळ्यांनी विचारपूस केली. मी म्हटलं, "आता बरी आहे." सरांच्या तोंडून सवयीनं गेलंच, "कशापेक्षा?" सर उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं परत आले तेव्हा त्यांच्या हातात कपबशी होती. शिपायाला न सांगता स्वतः जाऊन त्यांनी चहा आणला होता. तो माझ्यापुढे ठेवला आणि तासाला निघून गेले. त्या माणसाला क्षमा मागता येत नव्हती, पण आपली चूक त्याला कळत होती. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते वाचून कुणाला वाटेल की त्यांना काही कळतच नव्हतं.

शिकवायचे मात्र असे, की तसं शिकवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. आमच्या दोन वर्गांमध्ये पत्र्याची भिंत होती. तिकडे सर आठवीला, दहावीला इंग्रजी शिकवायचे, इकडे मी हिंदी. पत्र्यातून सगळं ऐकू यायचं आणि माझे विद्यार्थी माझं सोडून त्यांचं ऐकायचे. मीही ऐकायचे.

"मराठीत विशेषण आळशी असतं," ते सांगायचे. "उंच, त्याच्यापेक्षा उंच, सर्वांत उंच. 'उंच' जागचं हाललं का? न्हाई. काम सगळं 'पेक्षा'नं केलं. इंग्रजीत विशेषणाला स्वतः राबावं लागतं. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. अंगच बदलतं त्याचं. आन् अंग लई मोठं असलं, ब्यूटिफुलसारखं, तर त्याला मोर लावा, मोस्ट लावा. पण दोन्ही एकदम लावाल तर वर्गाबाहेर जाल. मोर टॉलर म्हणणारा पोरगा मला दिसला न्हाई पाहिजे."

एकच गोष्ट ते तीन तऱ्हांनी सांगायला लावायचे. राम सर्वांत उंच आहे. राम इतर कोणत्याही मुलापेक्षा उंच आहे. दुसरा कोणताही मुलगा रामाइतका उंच नाही. अर्थ एकच, रूपं तीन. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा आणि सरांच्या पोरांचा तो कधी चुकायचा नाही. त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही पोर दहावीला इंग्रजीत नापास झालं नव्हतं. आमच्या भागात इंग्रजी म्हणजे गळ्याला लागलेला फास समजायचे, त्या भागात. जाफराबादकडची मुलं नातेवाइकांकडे राहून आमच्या शाळेत नाव घालायची, ती या एका माणसासाठी.

फक्त, त्यांच्या वाक्यांत राम नसायचा. वर्गातलीच मुलं असायची. दोघांना उभं करायचं आणि विचारायचं, उंच कोण? जाड कोण? काळं कोण? अक्षर घाण कुणाचं? मग तिसऱ्याला उभं करायचं, की झाली सुपरलेटिव्ह डिग्री. ज्याच्याबद्दलचं वाक्य, त्यानं स्वतः ते तिन्ही तऱ्हांनी म्हणायचं. वर्ग खदखदून हसायचा. पत्र्याच्या अलीकडे माझा वर्ग हसायचा. मीही हसले आहे. नामदेवला चालवलं त्या दिवशीही मी ऐकत होते. त्या वेळी मला वाटलं ते एवढंच, की सरांचा तास रंगतो तसा आपला रंगत नाही.

एकदा मी धीर करून म्हटलं होतं, "सर, मुलांना लागत असेल हो."

"लागायलाच पाहिजे," ते म्हणाले. "न लागलेलं ध्यानात राहत न्हाई. आन् तुलना केल्याबिगर माणूस आपल्या जागी येत न्हाई, बाई. माझ्या बापानं मला आयुष्यभर एकच वाक्य ऐकवलं, थोरल्याकडं बघ. थोरला अंबडला वकील झाला. मी बघत बघतच बी.ए. झालो. न बघता झालो असतो का?"



त्यांच्या काटेकोरपणाला घरदार, वरिष्ठ, पाहुणे असा काही भेद नव्हता. एका वर्षी कुणी मोठे अधिकारी शाळा बघायला येणार होते. हेडमास्तरांनी कंपाउंडच्या भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत इंग्रजी वाक्य रंगवून घेतलं: अवर स्कूल इज बेटर दॅन एनी स्कूल इन द तालुका. सकाळी सर आले, भिंतीसमोर थांबले, वाचलं, आणि सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेले.

"साहेब, 'अदर' राहिलं."

"काय राहिलं?"

"एनी अदर स्कूल पाहिजे. तालुक्यातल्या कोणत्याही शाळेपेक्षा चांगली म्हणलं, तर आपली शाळा तालुक्यातच न्हाई असं होतं. स्वतःपेक्षा कोणी चांगलं असतं का?"

"भुतेकर, अधिकारी तासाभरात येऊन राह्यले. त्यांना बिलकुल कळणार न्हाई."

"पोरांना कळंल," सर म्हणाले. त्यांनी पेंटरचा उरलेला रंग शोधला, शिडी लावली, आणि 'एनी'च्या डोक्यावर खूण करून 'अदर' लिहिलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं, पण जागा नव्हती. शब्द वाकडा चढला. अधिकारी आले ते नेमकं त्या वाकड्या शब्दापाशी थांबले आणि हसले. हेडमास्तर ते हसू कधी विसरले नाहीत. पुढे सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा सरांना डावलून त्यांच्याहून नव्या माणसाला दिली. सरांनी तक्रार केली नाही. "ते माझ्यापेक्षा ज्युनिअर आहेत," एवढंच म्हणाले. आणि पुढे, "ज्युनिअरला 'दॅन' लागत न्हाई बरं का, 'टू' लागतो."

मी तेव्हा या माणसाचा आदर करत होते. खरं सांगायचं तर त्या भिंतीसाठी मी आजही करते.

सत्त्याऐंशी साली त्यांची एकुलती मुलगी मंदा दहावीत आली. त्याच वर्गात रजिया होती, स्टेशनजवळच्या शिंपीमामूंची मुलगी. घरी उर्दू बोलणारी, मराठी आमच्याइतकीच स्वच्छ, आणि इंग्रजीत सगळ्या वर्गाच्या पुढे. दोघी एका बाकावर बसायच्या. मधल्या सुट्टीत रजिया मंदाला तुरपाई शिकवायची आणि मंदा तिला डब्यातलं लोणचं द्यायची. मंदा माझ्याकडे हिंदीला होती. मंद मुलगी नव्हती ती. हळू बोलायची, विचार करून लिहायची. हिंदीत तिचे निबंध मी इतर मुलांना वाचून दाखवायचे.

जुलैत एक दिवस पत्र्यापलीकडून सरांचा आवाज आला, "रजिया, उभी राहा. मंदा, तू पण. क्लेव्हर. चला, कम्पॅरेटिव्ह."

कुणीतरी वाक्य केलं, रजिया मंदापेक्षा हुशार आहे. वर्ग हसला नाही. सरांची मुलगी होती ना.

"आता मंदा म्हणील. रजिया इज क्लेव्हरर दॅन..."

"दॅन मी," मंदा म्हणाली.

आमच्याकडच्या सगळ्या मुलांची ही चूक व्हायची. इंग्रजीतला 'मी' त्यांना आपल्यातलाच वाटायचा.

"दॅन मी न्हाई. तो मराठीतला मी आहे. दॅन आय. परत."

ती परत म्हणाली, घाबरून परत 'मी'च म्हणाली. सर म्हणाले, परत. असं दहा-बारा वेळा झालं. शेवटी ती बरोबर म्हणाली. मग पॉझिटिव्ह डिग्री: मंदा इज नॉट सो क्लेव्हर अ‍ॅज रजिया. तेही तिच्याच तोंडून.

टीचर्स रूममध्ये त्या दिवशी कौतुकच कौतुक झालं. हेडमास्तरसुद्धा म्हणाले, "काही म्हणा, हा माणूस पोटच्या पोरीलाही सोडत न्हाई." आणि मी म्हणाले, "निःपक्षपाती म्हणतात ते याला." शोकसभेत वापरलेला तो शब्द माझा जुनाच होता.

पुढे ते जोडवाक्य रोजचं झालं. उजळणी म्हटली की रजिया आणि मंदा. त्यात दुष्टावा नव्हता, सरांना खरंच वाटत होतं की पोरगी चिडेल आणि पुढे जाईल. चिडली नाही. दिवाळीनंतर रजियाच मुद्दाम चुका करायला लागली. सोप्या वाक्यात 'मोर टॉलर' म्हणायची. सरांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी दोघींना उभं केलं आणि स्वतः वाक्य सांगितलं, रजिया इज नाऊ अ‍ॅज केअरलेस अ‍ॅज मंदा. दुसऱ्या दिवशी रजिया दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. कुणी बसवलं नव्हतं. मंदाच्या शेजारची जागा मार्चपर्यंत रिकामी राहिली.

जूनमध्ये निकाल आला. ऑफिसात सर गुणांचा तक्ता घेऊन उभे होते. रजिया इंग्रजीत शाळेत पहिली. सरांनी बोट खाली नेलं. मंदाकिनी भुतेकर, हिंदीत त्र्याहत्तर, मराठीत अडुसष्ट, इंग्रजीत शून्य. कारकुनाला वाटलं, छपाईची चूक असेल. सर म्हणाले, "चूक न्हाई." मग बाहेर आले, निकालाच्या फळ्यापाशी गेले, आणि आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: इंग्रजी, नापास, एक.

मी दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले. सर नव्हते. वहिनी, म्हणजे मंदाची आई, आत रडत होत्या. मंदा ओट्यावर सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले.

"पेपर अवघड होता का गं?"

"न्हाई बाई. सगळा येत होता."

"मग?"

"पहिला प्रश्न वाचला. 'डिग्री बदला'च होता. पेन हातात घेतला, मंग खाली ठेवून दिला. तीन तास बसून राह्यले. सुपरवायझर दोनदा येऊन गेले, लिही म्हणले."

"का असं केलंस?"

तिनं खडा उचलून बाजूला टाकला. "मोकळं वाटलं बाई," ती म्हणाली.

त्यानंतर आठवड्यानं शाळेत पाण्याच्या टाकीपाशी सरांनी मला गाठलं. तो माणूस मला प्रथमच खाली बघून बोलताना दिसला.

"बाई, ती तुमच्याशी बोलती. काही म्हणली का? कशानं झालं हे?"

मी सांगू शकले असते. त्या एका वाक्यानं काहीतरी हललं असतं, निदान तिला ऑक्टोबरच्या परीक्षेला बसवलं गेलं असतं. पण मला त्यांचा राग आला होता, आणि जो माणूस सगळ्यांना प्रश्न विचारतो त्याला एकदा उत्तर मिळू नये असं मला वाटलं.

"नाही सर," मी म्हटलं. "काही बोलली नाही."

शिक्षा त्यांना होईल अशी माझी समजूत होती. ती झाली मंदाला. सरांनी ऑक्टोबरचा फॉर्म भरला नाही. "मंद आहे पोरगी, परत नापास होईल," असं सगळ्यांना सांगितलं आणि त्याच हिवाळ्यात जाफराबादच्या एका शेतकरी घरात तिचं लग्न लावून दिलं. ती सतरा वर्षांची होती. लग्नात मी अक्षता टाकल्या. बोहल्यावर तिनं एकदाही मान वर केली नाही. नवरीनं करायचीही नसते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि त्याच महिन्यांत हा माणूस रोज संध्याकाळी शिंपीमामूंच्या दुकानात जाऊन बसायचा. रजियाला पुढे शिकवा म्हणून. मामूंचे भाऊ तयार नव्हते. सर मशीनशेजारच्या स्टुलावर बसून राहायचे, गिऱ्हाईक आलं की उठून जागा द्यायचे, पुन्हा बसायचे. शेवटी मामू म्हणाले, "सर, आप अपनी बच्ची को तो घर बिठा दिए, और मेरी के लिए रोज आके बैठ रहे. कैसा जी ये?" सर म्हणाले, "तुमची हुशार आहे, मामू." मामूंनी कात्री खाली ठेवली. "आप बोले तो भेजता," ते म्हणाले. रजिया शिकली, जालन्याला शिक्षिका झाली. हे मला तिनंच सांगितलं, बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात भेटली तेव्हा. सरांचा विषय निघाला की तिचे डोळे भरतात. मंदाचा निघाला की ती बोलणं बदलते.

त्यानंतर पत्र्यापलीकडचे तास बदलले. सर मुलांना उभं करेनासे झाले. कडुनिंब बाभळीपेक्षा उंच आहे. रेल्वे एसटीपेक्षा जलद आहे. दुसरं कोणतंही पीक कापसाइतकं पांढरं नाही. वाक्यं बरोबर असायची आणि वर्ग पेंगायचा. हळूहळू मुलं चुकायला लागली. पहिल्या वर्षी दोन नापास, मग पाच. एक तरुण शिक्षक आला, तो खेळ घेऊन, गाणी म्हणून शिकवायचा. हेडमास्तर मीटिंगमध्ये म्हणाले, "भुतेकर, जरा त्यांचा तास बघत जा." सर उठले, वही घेतली आणि खरंच त्या पोराच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. आठवडाभर बसले. कुणीतरी त्यांना हसत होतं. मी नव्हते, पण मी थांबवलंही नाही. मग ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणी म्हणालं, सरांसारखं कुणी नाही. सरांनी वाक्य दुरुस्त केलं नाही.

शेवटचं मी त्यांना पाहिलं, ते गेले त्याच वर्षी फेब्रुवारीत, जाफराबादला. मी भाचीच्या लग्नासाठी गेले होते. मंदाचं घर तिथलंच, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले. अंगणात खाटेवर सर बसलेले. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते परतूरला एकटेच राहत होते. महिन्यातून एकदा इथे यायचे, असं मंदाच्या नवऱ्याकडून कळलं. साधा, भला माणूस होता तो. "येतेत, बसतेत, जातेत," तो म्हणाला. "ही काही बोलत न्हाई त्यांच्यासंगं. चहा देती, जेवू घालती. मी लई सांगून पाह्यलं." एवढं सांगून तो शेताकडे गेला.

मंदाच्या दोन मुली होत्या, एक सातवीत, एक पाचवीत. दोघी इंग्रजीचं पुस्तक घेऊन सरांपुढे उभ्या होत्या. सर धडा वाचून दाखवत होते. त्यांचा आवाज अजून तसाच होता. मला वाटतं, त्यांना तिथे बरं वाटत असावं.

धाकटीनं मधेच विचारलं, "आबा, आमच्या दोघींत हुशार कोण हाये?"

कुणी शिकवलं नव्हतं तिला. मुलं विचारतातच. सर थांबले. दारात मंदा उभी होती, हातात उलथनं.

"दोघी सारख्या," सर म्हणाले. "तू तिच्याइतकी, ती तुझ्याइतकी."

"खोटं कशाला सांगता?" मंदा म्हणाली. माझ्यासमोर ती त्यांच्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "सांगा ना खरं. उभी तर हाईतच दोघी. मला बराबर सांगत होते तुम्ही."

सरांनी पुस्तक मिटलं. पुस्तकाची पानं त्यांनी हातानं सारखी केली आणि ते थोरलीच्या हातात दिलं. "बसची वेळ झाली," असं म्हणून पिशवी उचलली. स्वयंपाक अर्धा झाला होता. मंदानं थांबा म्हटलं नाही. मी उठून त्यांच्याबरोबर निघाले.

स्टँडपर्यंतची वाट दहा मिनिटांची. अर्ध्या वाटेवर माझ्यानं राहवलं नाही.

"सर, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली मी. त्या पेपरात मंदाला सगळं येत होतं. तिनं मुद्दाम कोरा ठेवला. मला तेव्हाच सांगितलं होतं तिनं."

सर चालत राहिले. "ठाऊक होतं मला," ते म्हणाले.

"ठाऊक होतं?"

"आदल्या दिवशी मीच उजळणी घेतली होती. एक चूक केली न्हाई तिनं. 'दॅन आय'सुद्धा बराबर म्हणली."

"मग मला विचारायला का आलात? तिला मंद का म्हणत राहिलात?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्हांला म्हाईत हाये का, ते बघायचं होतं. तुम्ही न्हाई म्हणल्या, तव्हा बरं वाटलं. मंद पोरगी मला चालत होती बाई. माझ्या तोंडावर कोरा कागद मारणारी चालत नव्हती."

मी चालायची थांबले. पंधरा वर्षं मी जे ओझं वाहिलं त्याचा त्यांनी उपयोग करून घेतला होता, आणि आम्ही दोघांनी मिळून त्या मुलीला गप्प बसवलं होतं. ते पुढे गेले होते.

एसटी गेली होती. एक जीप भरत होती. सर मागच्या बाजूला दोन माणसांमध्ये अंग चोरून बसले. तेवढ्यात मंदाची थोरली मुलगी धावत आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

"आईनं दिली," ती धापा टाकत म्हणाली. "आन् आई म्हणली, एप्रिलात आमची परीक्षा हाये. तवर येऊ नका."

सरांनी फडकं घेतलं. "बरं," ते म्हणाले. पोरगी उड्या मारत परत गेली.

जीप अजून भरली नव्हती, ड्रायव्हर आणखी माणसं हाकारत होता. सरांनी मांडीवर फडकं सोडलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी चारचौघांत जेवताना पाहिलं नव्हतं. शाळेतही डबा ते रिकाम्या वर्गात दार लावून खायचे. आता ते शेजारच्या माणसाचा धक्का लागत असताना, मान खाली घालून, कोरड्या भाकरीचे मोठमोठे तुकडे तोडून घाईघाईनं खात होते. भूक लागली होती त्यांना. मी समोरच उभी होते, पण त्यांनी वर पाहिलं नाही. जीप सुरू झाली तेव्हाही ते खातच होते.